सात फुटी माणूस आणि न होणारी बास्केट: कारण शोधायचं कसं?



आजचा लेख खेळावरचा आहे आणि टीकेचा आहे. टीका खेळाडूवर नाही, त्याच्याबद्दल वर्षानुवर्षं दिल्या जाणाऱ्या एका कारणावर आहे. तुमच्यापैकी बरेच जण पीएचडीच्या मुलाखतीची किंवा सिनॉप्सिसची तयारी करताय. तिथे 'कारण' म्हणून आपण जे लिहितो, त्यातलं पुष्कळसं कारण नसतंच. घडलेल्या गोष्टीला दिलेलं दुसरं नाव असतं. 'पाऊस का पडला नाही? कारण यंदा अवर्षण आहे,' अशातला प्रकार. हे समजून घ्यायला बास्केटबॉल सोयीचा आहे, कारण तिथे आकडे मोजून ठेवलेले असतात.

उदाहरण घेऊ रुडी गोबेर याचं. फ्रान्सचा सेंटर, एनबीएमध्ये खेळतो. उंची ७ फूट १ इंच, म्हणजे साधारण २.१६ मीटर. रिंग जमिनीपासून १० फुटांवर असते. हा माणूस जागेवर उभा राहून हात वर करतो तेव्हा ती जेमतेम वीतभर लांब उरते. लीगमधल्या सर्वोत्तम बचावपटूचा पुरस्कार त्याने २०१८, २०१९, २०२१ आणि २०२४ असा चार वेळा मिळवला आहे. आणि तरीही त्याच्याबद्दलची तक्रार ठरलेली: पोस्टमध्ये, म्हणजे रिंगच्या जवळ, रिंगकडे पाठ करून चेंडू घेतला की याला गुण करता येत नाहीत. समोर त्याच्यापेक्षा अर्धा फूट बुटका खेळाडू असला तरी नाहीत.

ही तक्रार सगळ्यात जोरात झाली २०२१ च्या प्लेऑफमध्ये. युटा जॅझ हा संघ साखळी सामन्यांत ५२ विजय आणि २० पराभव अशा लीगमधल्या सर्वोत्तम कामगिरीसह आला होता. लॉस एंजेलिस क्लिपर्सने त्यांच्याविरुद्ध आपला उंच सेंटर बसवला आणि पाचही जण बाहेरून शूट करू शकतील असा बुटका संघ उतरवला. शेवटचे दोन सामने त्यांचा मुख्य खेळाडू कवाय लेनर्ड दुखापतीमुळे नव्हता, तरी मालिका त्यांनी ४-२ अशी जिंकली. सहाव्या सामन्यात युटा २५ गुणांनी पुढे होतं आणि १३१-११९ असं हरलं. दुसऱ्या दिवशी सगळीकडे एकच सवाल: समोर कोणी उंच माणूसच नव्हता, मग गोबेरने आत जाऊन धुलाई का नाही केली? आणि एकच उत्तर: त्याला पोस्टचं स्किल नाही.

या उत्तरावर माझा आक्षेप आहे. 'गुण का होत नाहीत' याला 'गुण करण्याचं कौशल्य नाही' असं म्हटलं तर माहिती काहीच वाढत नाही. नेमकं काय जमत नाही, कोणत्या टप्प्यावर, आणि ते कशावरून कळलं, हे तीन प्रश्न तसेच राहतात.

आधी चाहत्यांचा प्रतिवाद बघू

गोबेरचे चाहते लगेच म्हणतात, अहो, २०२१-२२ मध्ये त्याने ७१.३ टक्के शॉट टाकले, लीगमध्ये पहिला होता. मग गुण करता येत नाहीत हे कसं? आकडा खरा आहे, युक्तिवाद कच्चा आहे. सरासरी कशाची बनली आहे हे बघावं लागतं.

त्यासाठी २०१८-१९ चा मोसम घ्या. तेव्हा त्याची टक्केवारी ६६.९ होती. ८१ सामने, दर सामन्याला साधारण ८.८ प्रयत्न आणि ५.९ यशस्वी. म्हणजे मोसमभरात सुमारे ७१० प्रयत्न आणि सुमारे ४७५ यशस्वी शॉट. त्याच मोसमात त्याने ३०६ डंक मारले, जो तेव्हा एका मोसमातला विक्रम होता. आता सोपी वजाबाकी करा. डंक काढून टाकले तर उरतात सुमारे १७० यशस्वी शॉट आणि फार तर ४०५ प्रयत्न. टक्केवारी येते ४२ च्या आसपास. हुकलेले डंकही प्रयत्नांतून वजा केले तर ती थोडी वर जाईल. पण ६७ कुठे आणि ही कुठे!

या उरलेल्या शॉटमध्ये सगळेच पोस्टमधले नाहीत. रिबाउंड घेऊन परत टाकलेले, पळत येऊन टाकलेले असेही आहेत. त्यामुळे ४२ टक्के म्हणजे 'पोस्टमधली टक्केवारी' असा निष्कर्ष काढू नका. एवढंच म्हणा की, एकूण टक्केवारी पोस्टबद्दल जवळपास काहीच सांगत नाही. टीकाकार आणि चाहते दोघेही एकाच आकड्यावरून भांडतात आणि तो आकडा दोघांच्याही कामाचा नाही.

एक कौशल्य नाही, साखळी आहे

आता पोस्टमधली एक बास्केट सुटी करून बघू. आधी रिंगजवळची जागा मिळवायची. मग सहकाऱ्याचा पास तिथे सुखरूप पोहोचला पाहिजे. मग तो पकडायचा. मग धक्के खात तोल सांभाळायचा. मग ड्रिबल किंवा पायांच्या हालचालीने बचावपटूला चुकवायचं. तेवढ्यात दुसरा बचावपटू मदतीला येतो, त्याला ओळखून शॉट की पास ते ठरवायचं. आणि शेवटी शॉट.

समजा, निव्वळ हिशोबापुरतं, यातल्या पाच टप्प्यांवर एखादा खेळाडू प्रत्येकी ९० टक्के यशस्वी होतो. ०.९ चा पाच वेळा गुणाकार केला की ०.५९ येतात. दुसरा प्रत्येक टप्प्यावर ८० टक्के. त्याचे येतात ०.३३. टप्प्याटप्प्यावर फरक फक्त दहाचा, पण शेवटी एक जण दुसऱ्याच्या पावणेदोन पट. यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते: अपयश मोठं दिसतंय म्हणून त्यामागे एकच मोठी उणीव असलीच पाहिजे असं नाही. जिथे तिथे थोडं थोडं कमी असलं तरी पुरतं.

आता उंचीचा मुद्दा. उंचीचा फायदा मिळतो साखळीच्या अगदी शेवटी, चेंडू हातातून सुटताना. बुटका बचावपटू त्याच्या आधीच काम संपवतो. कुस्ती बघितलेल्यांना हे सांगायला नको: जो कंबर खाली ठेवतो त्याला हलवणं अवघड. उंच माणसाचा गुरुत्वमध्य वर असतो. बुटका त्याच्या मांडीला आणि कमरेला रेटतो आणि रिंगपासून चार फुटांवर मिळायची ती जागा दहा फुटांवर जाते. दहा फुटांवरून डंक होत नाही. तिथून ड्रिबल करावा लागतो, आणि उंच माणसाचा ड्रिबल लांबून वर येतो, तेवढ्या वेळात बुटक्याचा हात मध्ये येतो. पास खाली आला आणि पकडताना चेंडू कमरेशी गेला की संपलंच, कारण कमरेच्या उंचीवर सात फुटी माणसाला कसलाच फायदा नाही. उलट तिथे बुटक्याचे हात जास्त चपळ असतात.

आणि आता ते ३०६ डंक परत आठवा. गोबेर सहकाऱ्यासाठी आडवा उभा राहून त्याच्या बचावपटूला अडवतो आणि लगेच रिंगकडे पळतो. चेंडू त्याला डोक्याच्या वर मिळतो, ड्रिबल नाही, पाठीवर रेटणारा कोणी नाही. म्हणजे साखळीतले मधले टप्पे गाळलेले. तोच माणूस, तेच हात, तीच रिंग. फक्त टप्पे कमी. 'स्किल नाही' या शब्दांनी हा फरक समजत नाही, साखळीने समजतो.

प्रत्येक कडी तपासावी लागते, गृहीत धरून चालत नाही. लोक म्हणतात, त्याचे फ्री थ्रो वाईट, म्हणून फाउल करून त्याला थांबवता येतं. २०१८-१९ मध्ये त्याचे फ्री थ्रो साधारण ६४ टक्के होते. दोन फ्री थ्रो मिळाले तर सरासरी १.२७ गुण. त्या मोसमात संघांना दर शंभर चालींमागे साधारण ११० गुण मिळत होते, म्हणजे एका चालीमागे १.१. तर गोबेरला शॉट टाकताना फाउल करणं हा बचाव करणाऱ्यांसाठी तोट्याचा सौदा आहे! शकील ओनीलची कारकिर्दीतली टक्केवारी ५२.७ होती, त्याच्या बाबतीत हाच हिशोब १.०५ येतो आणि सौदा पटतो. वाईट दिसणारी कडी आणि साखळी तोडणारी कडी वेगळी असू शकते.

तुलना कोणाशी?

दुसरं लाडकं कारण: 'जमानाच गेला पोस्टचा.' यात तथ्य आहे. नियम खरोखर बदलत गेले. जॉर्ज मायकनला आवरण्यासाठी १९५१ मध्ये रिंगसमोरची तीन सेकंदांची लेन ६ फुटांवरून १२ फूट रुंद केली, आणि १९६४ मध्ये विल्ट चेंबरलेनच्या काळात ती १६ फूट झाली. २००१ मध्ये एनबीएने झोन बचावाला परवानगी दिली. त्याआधी मोकळी जागा राखत उभं राहणं बेकायदा होतं. त्यानंतर चेंडू पोस्टमध्ये येण्याआधीच मदतनीस तिथे तयार राहू लागला. त्यामुळे गोबेरची तुलना १९९५ च्या हकीम ओलाजुवानशी करणं म्हणजे दोन वेगळ्या प्रयोगशाळांतली रीडिंग एकाच आलेखावर काढणं.

पण जमाना हे कारण पुरतं का? त्यासाठी आजच्याच नियमांत खेळणारा माणूस हवा. जोएल एम्बीड हा सेंटर २०२२ आणि २०२३ मध्ये लीगमध्ये सरासरीने सर्वाधिक गुण करणारा ठरला. निकोला योकिच गोबेरपेक्षा दोन इंच बुटका, उडी तर त्याची चेष्टेचाच विषय. तरी २०२१, २०२२ आणि २०२४ मध्ये सर्वोत्तम खेळाडू. नियम तेच, निकाल वेगळा. म्हणजे जमाना हे एकटं कारण होऊ शकत नाही, आणि उंची-उडी हेही नाही.

योकिचमध्ये काय वेगळं आहे? त्याच्यावर दुसरा बचावपटू धावला की तो पास देऊन मोकळ्या माणसाला गुण मिळवून देतो. म्हणून लोक दुसरा माणूस पाठवायला कचरतात, म्हणून त्याला एकाशी एक खेळायला मिळतं, म्हणून त्याचे स्वतःचे गुण वाढतात. पास देता येणं हे गुण करण्याचं कारण बनतं. माझ्या मते गोबेरची सर्वांत कमकुवत कडी इथे आहे: गर्दीत खाली आलेला चेंडू धरून ठेवणं आणि त्याच क्षणी कोण मोकळं झालं ते वाचणं. शॉट त्याच्या नंतर येतो. हे माझं अनुमान आहे आणि ते चूक ठरवता येतं: दोन बचावपटू आले तेव्हा आणि एकच होता तेव्हा, अशा चाली वेगळ्या मोजा, फरक नगण्य निघाला तर माझं म्हणणं खोडलं गेलं.

जे घडलंच नाही ते कोण मोजणार?

शेवटी परत २०२१ कडे. गोबेर बुटक्यांवर गुण का करत नव्हता, या प्रश्नात एक गोष्ट दडलेली आहे: त्याला चेंडू द्यायलाच हवा होता. हिशोब करा. पोस्टमधून निम्मे शॉट गेले तरी चालीमागे सरासरी १ गुण, त्यात चेंडू गमावण्याचे प्रसंग धरलेले नाहीत. युटा बाहेरून थ्री मारण्यात लीगमधल्या आघाडीच्या संघांपैकी होतं. अशा संघाने नेहमीची चाल सोडून चेंडू पोस्टमध्ये दिला, तर ती क्लिपर्सला भेटच. मग गोबेरने तिथे फारसे शॉट घेतले नाहीत, यातला किती भाग 'जमत नाही' आणि किती भाग 'संघाने मागितलंच नाही'? नुसते शॉट मोजून हे कळणार नाही. पास मागितला आणि आला नाही, जागा मिळवली आणि हुसकावला गेला, हेही छेदात धरावं लागेल. न झालेले प्रयत्न आकडेवारीत दिसत नाहीत आणि आपण त्यांना 'क्षमता नाही' असं वाचतो.

शिवाय ती मालिका गेली ती दुसऱ्या टोकाला. युटाचा अनुभवी गार्ड माइक कॉनली दुखापतीमुळे पहिले पाच सामने खेळला नाही, बाहेरचा बचाव वारंवार फुटला, आणि गोबेरला एकाच वेळी रिंग आणि कोपरा अशा दोन जागा राखाव्या लागल्या. सहाव्या सामन्यात टेरन्स मॅनने ३९ गुण केले. क्लिपर्सला गोबेरने पोस्टमध्ये शून्य गुण करावेत अशी गरजच नव्हती. तिथे त्याला मिळतील त्यापेक्षा आपल्याला इकडे जास्त मिळतील, एवढंच पुरे होतं. प्रश्न तुलनेचा होता, लोकांनी तो एका माणसाच्या लायकीचा केला.

हेच आपल्या कामातही होतं, आणि तिथे नुकसान जास्त. 'ग्रामीण विद्यार्थ्यांचे गुण कमी, कारण अभिरुची नाही.' 'शेतकरी नवं बियाणं वापरत नाहीत, कारण जागरूकता नाही.' सिनॉप्सिसमध्ये अशी वाक्यं सर्रास असतात आणि गाईडही पुढे जाऊ देतात. त्या वाक्यांतल्या माणसांना उत्तर द्यायला चार पुरस्कार मिळालेले नसतात. तेव्हा तुमच्या सिनॉप्सिसमधलं 'अभाव', 'उणीव', 'जागरूकता नाही' असं प्रत्येक वाक्य शोधा आणि शेजारी पेन्सिलने लिहा: कोणत्या टप्प्यावर? कोणाच्या तुलनेत? आणि प्रयत्न करायला मिळाला होता का? ज्या वाक्याला तिन्ही उत्तरं नाहीत, ते सध्या निष्कर्षातून काढून संशोधनाच्या प्रश्नांत टाका.