चाळिसाव्या पानाच्या पलीकडे

घरातलं एखादं पुस्तक थोर आहे की नुसतंच चांगलं आहे, हे ओळखण्याची माझी एक पद्धत आहे. पुस्तक मिटलेलं हातात घ्यायचं आणि पानांच्या कडा पाहायच्या. चांगल्या पुस्तकाच्या कडा पहिल्यापासून शेवटपर्यंत सारख्या मळलेल्या असतात. थोर पुस्तकाच्या पहिल्या चाळीस पानांच्या कडा मळक्या आणि पुढच्या कोऱ्या करकरीत असतात. चाळीस पानांपर्यंत वाचकाचा घाम आणि चहाचे डाग. त्यापुढे निव्वळ थोरवी.

आमच्या अंबाजोगाईच्या घरात भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' या हिशेबानं वीसेक वर्षं थोर होती.

पहिला प्रयत्न मी १९६६ साली केला. तेव्हा मी कॉलेजात होतो आणि 'कोसला' न वाचलेला माणूस मराठीच्या वर्गात खाली मान घालून बसत असे. कादंबरी आली १९६३ साली, नेमाडे पंचवीस वर्षांचे असताना. तिच्यातला पांडुरंग सांगवीकरही पंचविशीतलाच. मी वीस वर्षांचा. म्हणजे आमचं जमायला हरकत नव्हती. पण माझं वाचनाचं पोट 'ययाति' आणि 'स्वामी'वर पोसलेलं. ना. सी. फडक्यांनी आम्हां मंडळींना तंत्राची अशी सवय लावून ठेवलेली, की दहाव्या पानापर्यंत नायिका आली नाही तर आम्ही पानं गळाली की काय म्हणून बाइंडिंग तपासत असू. इथे नायिका नाही, खलनायक नाही. प्रेमाचा त्रिकोण सोडा, साधी सरळ रेघसुद्धा नाही. खानदेशातल्या एका सुखवस्तू घरचा मुलगा पुण्याला शिकायला जातो, होस्टेलात राहतो, कशाकशाचा सेक्रेटरी होतो, बापाचे पैसे उडवतो आणि पदवी न घेताच गावी परत येतो. संपलं. मी हे आधीच सांगून टाकलं म्हणून कोणाचा रसभंग व्हायची भीती नाही. रहस्य असलं तर फुटणार!

आणि बोलणं कसं? जरा कुठे वाक्य उभं राहतंय तोवर 'उदाहरणार्थ', आणि उदाहरण संपतंय तोवर 'वगैरे'. मला वाटलं, हे कादंबरीचं टिपण आहे. कादंबरी अजून लिहायची राहिली असावी. पुढे नोकरी लागल्यावर लाजेखातर पुस्तक विकत घेतलं. दुसरा प्रयत्न एस. टी.त झाला, तिसरा तापात. तिन्ही वेळा चाळिसाव्या पानाच्या आसपास हात टेकले. नेमाड्यांनी हे पुस्तक शंभरातल्या नव्याण्णव जणांना अर्पण केलं आहे. उरलेला एक कोण, ते मला त्या पानावर कळलं.

असं हात टेकणं अंबाजोगाईच्या माणसाला शोभत नाही. आमच्याकडे 'विवेकसिंधू'कार मुकुंदराजांची समाधी आहे. दासोपंत (१५५१-१६१५) आमचेच. त्यांच्या 'गीतार्णवा'च्या ओव्या सव्वा लाख सांगतात. तेवढ्यानं भागलं नाही, म्हणून चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद कापडावर त्यांनी 'पंचीकरण' लिहून काढलं. ती दासोपंतांची पासोडी गावानं जपून ठेवली आहे. लिहिणाऱ्यानं एवढी चिकाटी दाखवावी आणि आम्ही चाळीस पानांत धापा टाकाव्या! लहानपणी मी आजीला विचारलं होतं, "एवढं मोठं कुणी वाचायचं गं?" ती म्हणाली, "वाचायचं कशाला बाबा? एकानं म्हणायचं अन् बाकीच्यांनी ऐकायचं." तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून हे मत मी फारसं मनावर घेतलं नाही. चूक तिथेच झाली.

१९९१च्या मे महिन्यात आमचा थोरला पुण्याहून रातराणीनं आला. तो तिकडे शिकायला होता आणि दर महिन्याला माझी मनिऑर्डर जात होती. रिक्षातून ट्रंक उतरली आणि तिच्यामागून गादीची वळकटी उतरली. वळकटी पाहिल्यावर निकाल विचारायचं कारण नव्हतं. मी तरी विचारला. आवाजही जरा चढा लागला. त्या दिवसापासून आम्हां बापलेकांचं बोलणं त्याच्या आईमार्फत चालू झालं. "विचार तुझ्या लेकाला, जेवणार आहे का." "आई, अण्णांना सांग, भूक नाही." हे सगळं चार हातांच्या अंतरावरून.

तो बाहेर गेला असताना मी त्याची ट्रंक उघडली. हे बरं नव्हे, पण बापाला संशय फार. व्यसन वगैरे सापडेल म्हणून हात घातला तर सापडली माझीच 'कोसला'. न विचारता नेलेली. सवयीनं कडा पाहिल्या. शेवटपर्यंत मळलेल्या! पोरगं परीक्षेत मागे पडलं होतं, पण मला गाठून कितीतरी पुढे गेलं होतं.

म्हटलं, यानंच याचं डोकं फिरवलेलं दिसतंय. पुरावा म्हणून वाचू. त्याच रात्री ओसरीवर बसलो. ही शेजारी जोंधळे निवडत होती. पांडुरंग मेसचा सेक्रेटरी होतो आणि त्याच्या हातून हिशेबाचा कसा बोजवारा उडतो, तो भाग आला आणि मला हसू फुटलं.

"अहो, एकटेच काय हसायलात? आम्हाला तरी सांगा."

सांगण्यासारखं काही घडतच नसल्यामुळे मोठ्यानं वाचून दाखवलं. तिथे पहिल्यांदा कुलूप निघालं. जे 'वगैरे' डोळ्यांना खड्यासारखे टोचत होते, ते जिभेवर आले आणि चक्क बोलायला लागले. पांडुरंग लिहीत नाही हो, तो बोलतो! मोठं काही तोंडून निघालंच तर लगेच 'वगैरे' म्हणून तो खांदे उडवतो. आपण फार शहाणे वाटू नये म्हणून 'उदाहरणार्थ'ची टोपी घालतो. घाबरलेला, हुशार, एकटा पोरगा असाच बोलतो. तो आमच्या आतल्या खोलीत होता आणि बोलत नव्हता, एवढाच फरक.

मग रोज रात्री वाचन सुरू झालं. हिनं साहित्याचा मुलाहिजा ठेवला नाही. "या पोराला कुणी हिशेब शिकवला नाही का?" मी बापाची बाजू घेई, ती पोराची. होस्टेलातल्या रिकाम्या दिवसांचं एक लांबलचक प्रकरण आलं. जांभया यायला लागल्या, म्हणून मी हळूच दोन पानं एकदम उलटली. आतल्या खोलीतून आवाज आला.

"अण्णा, एक पान गाळलंत."

वीस दिवसांत तो माझ्याशी थेट बोललेलं ते पहिलं वाक्य. मी मुकाट्यानं मागे गेलो आणि गाळलेलं पान वाचलं.

ते पान का गाळायचं नव्हतं, हे पुढे कळलं. पांडुरंग पुण्यात असताना घरी त्याची धाकटी बहीण, मनी, देवीनं जाते. आमच्या पिढीच्या दंडावर देवीच्या लशीचे खड्डे आहेत. आम्हाला हा आजार पुस्तकातून समजावून घ्यावा लागत नाही. इतका वेळ सगळ्याची टर उडवणाऱ्या त्या पोराकडे या दुःखासाठी वेगळी भाषाच नाही. त्याच मोडक्यातोडक्या बोलण्यात त्याला ते सोसावं लागतं. मी दोन परिच्छेद वाचले आणि घशात काहीतरी अडकलं. हिचा सुपातला हात थांबला. पडदा सरकवून थोरला बाहेर आला, माझ्या हातातून पुस्तक घेतलं, खाली बसला आणि पुढे वाचू लागला. चांगलं वाचतो. मला माहीत नव्हतं.

तेव्हा 'कोसला'बद्दल माझं मत असं. पहिली पानं कंटाळवाणी आहेत, हे खरं. पण तो कंटाळा लेखकाच्या हातून सांडलेला नाही, मोजून घातलेला आहे. पांडुरंगाचे रिकामे दिवस त्याच्याबरोबर आपणही ढकलले नसतील, तर मनीचं मरण ही नुसती एक दुःखद घटना होते. तशा घटना खांडेकरांकडेही मुबलक मिळतात. त्या बडबडीची सवय झाल्यावरच ती कुठे अडखळते ते ऐकू येतं. दोषही आहेत. घरच्या बायका सोडल्या तर या कादंबरीत बाईमाणूस औषधापुरतं. गावी परतल्यानंतरचा उद्वेग जरा पाणी घालून वाढवल्यासारखा वाटतो. आणि बापावर तर अन्यायच झालाय, असं माझं स्पष्ट मत आहे. थोरल्याला ते अजून मान्य नाही. कोसला म्हणजे कोष. कोषाला दार नसतं, आणि मी तीन वेळा दाराशीच चपला काढत बसलो होतो.

अवघड पुस्तक पुढे न्यायचं तर लोक इच्छाशक्ती वगैरे सांगतात. माझी इच्छाशक्ती चाळीस पानांची आहे, ती वाढत नाही. माझा उपाय आजीचाच: एकानं म्हणायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, आणि पान गाळलं तर ओरडणारा एक माणूस आतल्या खोलीत ठेवायचा.

थोरला पुढल्या वर्षी पास झाला, पण त्याचं श्रेय मी नेमाड्यांना देणार नाही; ते त्यांना आवडणारही नाही. नेमाड्यांना पुढे २०१४चं ज्ञानपीठ मिळालं, तेव्हा थोरल्यानं फोन करून विचारलं, "अण्णा, 'हिंदू' वाचली का?"

ही 'हिंदू' त्यांची २०१० सालची कादंबरी. चांगली जाडजूड आहे. परवा ती कपाटातून काढली आणि कडा पाहिल्या. चाळीस पानं मळलेली, पुढे कोरी करकरीत.

हिला म्हटलं, "आज संध्याकाळी सूप घेऊन ओसरीवर बस. अन् त्याला कळव, सुट्टीत ये म्हणावं. पानं गाळायला लागलोय."