आकडीचा निवेदक कोण? : ‘द टर्मिनल मॅन’चे पुनर्वाचन

ज्याला आकडी येते त्याला ती बहुधा दिसत नाही. अपस्माराच्या अनेक प्रकारांत शुद्ध हरपते किंवा धूसर होते, आणि भानावर आल्यावर माणसाला भोवतालच्यांना विचारावे लागते, ‘मला काय झालं होतं?’ त्यामुळे स्वतःच्याच आयुष्यातील एका निर्णायक घटनेचा निवेदक दुसराच कोणी असतो. आई, नवरा, वर्गातल्या बाई, फलाटावरचा अनोळखी प्रवासी. डॉक्टरही आधी त्यालाच विचारतात. निवेदक किती विश्वासार्ह, हा प्रश्न आपण कादंबरी वाचताना सवडीने विचारतो. अपस्माराच्या दवाखान्यात मात्र तो रोज विचारावा लागतो, आणि त्याच्या उत्तरावर औषधाची मात्रा ठरते.

गेल्या काही दशकांत या निवेदकांच्या रांगेत एक नवा निवेदक येऊन बसला आहे. तो म्हणजे शरीरात बसवलेले, मेंदूतील विद्युत्‌लहरी सतत टिपणारे यंत्र. ते झोपत नाही, घाबरत नाही, लाजेखातर काही लपवत नाही. साहजिकच त्याची साक्ष निर्णायक मानण्याकडे कल आहे. या लेखात मला असे मांडायचे आहे की हा निवेदकही तटस्थ नाही. त्याला कोणी घडवले, कोणत्या विद्याशाखेतल्या माणसाने त्याला कोणता प्रश्न विचारला, यावर तो काय सांगणार हे ठरते. हे ललित साहित्यात फार लवकर दाखवणारी एक कादंबरी आहे, आणि ती स्वतःच या दोषाला कशी बळी पडली हेही पाहण्याजोगे आहे.

१

मायकेल क्रायटन यांची ‘द टर्मिनल मॅन’ १९७२ साली प्रसिद्ध झाली. क्रायटन यांनी १९६९ मध्ये हार्वर्डची वैद्यकीय पदवी घेतली होती. व्यवसाय मात्र कधी केला नाही. कादंबरीचा नायक हॅरी बेन्सन हा संगणकतज्ज्ञ. मोटार-अपघातानंतर त्याला झटके येऊ लागतात, त्या अवस्थेत तो लोकांवर हल्ले करतो आणि नंतर त्याला काही आठवत नाही. लॉस एंजेलिसच्या एका रुग्णालयात त्याच्या मेंदूत चाळीस इलेक्ट्रोड बसवले जातात. शरीरातच बसवलेल्या छोट्या संगणकाने येऊ घातलेला झटका ओळखायचा आणि विजेचा सौम्य धक्का देऊन तो मोडायचा, अशी योजना.

विज्ञान-थरारकथा म्हणून ही कादंबरी सर्वांना ठाऊक आहे. मला ती वेगळ्या कारणासाठी महत्त्वाची वाटते. या कथेत बेन्सनला पाहणारी माणसे एकाच संस्थेत काम करतात, पण त्यांना दिसणारा बेन्सन एक नाही. शल्यविशारद एलिसला दिसते ती एक जागा, जिथे पोहोचायचे आहे. प्रोग्रामर गेरहार्डला दिसतो तो एक मंडल-आराखडा, ज्यात आत येणारा आणि बाहेर जाणारा संदेश जुळला की काम झाले. विभागप्रमुख मॅक्फरसनला दिसते संस्थेचे भविष्य. जॅनेट रॉस ही मानसोपचारतज्ज्ञ, आणि तिला दिसते ते असे: यंत्रे जग ताब्यात घेत आहेत अशी या माणसाची पक्की समजूत आहे, आणि आपण त्याच्याच डोक्यात यंत्र बसवतो आहोत. ती विरोध नोंदवते. तिचे ऐकून घेतले जाते आणि शस्त्रक्रिया होते.

पुढचा घात कोणाच्या अज्ञानामुळे होत नाही. संगणक ठरल्याप्रमाणेच चालतो. पण धक्का सुखद असल्यामुळे बेन्सनचा मेंदू झटके निर्माण करायला शिकतो. झटका आला की धक्का मिळतो, म्हणून झटके वाढतात. आलेखावर दोन धक्क्यांमधले अंतर कमी होत जाते. शल्यविशारदाच्या दृष्टीने शस्त्रक्रिया यशस्वी, प्रोग्रामरच्या दृष्टीने यंत्र निर्दोष, आणि माणूस हातचा गेलेला. प्रत्येकाने आपापल्या शाखेचे काम चोख केले. जे बिघडले ते दोन शाखांच्या मधल्या रिकाम्या जागेत.

२

आता या कादंबरीचा दोष. बेन्सनचे झटके म्हणजे हिंसा, हे समीकरण तिच्या पायाशीच आहे. अपस्मारावर काम करणाऱ्या डॉक्टरांनी त्याला आक्षेप घेतला, आणि तो योग्य होता. झटक्याच्या वेळी हेतुपूर्वक, योजून केलेला हल्ला ही गोष्ट वैद्यकीय अनुभवात जवळपास सापडत नाही. क्रायटन यांनी नंतरच्या आवृत्तीत या मतभेदाची दखल घेणारे टिपण जोडले.

हे समीकरण आले कुठून? माझ्या मते, लेखकाच्या वैद्यकीय शिक्षणाच्या परिसरातून. साठच्या दशकाच्या अखेरीस बॉस्टनमध्ये व्हर्नन मार्क हे न्यूरोसर्जन आणि फ्रँक एर्विन हे मानसोपचारतज्ज्ञ हिंसक वर्तनाची मुळे मेंदूच्या विकारात शोधत होते. १९६७ साली अमेरिकेतील शहरी दंगलींनंतर या दोघांनी विल्यम स्वीट या सहकाऱ्यासह तिथल्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकाला पत्र लिहून दंगलींमागे मेंदूच्या आजाराचा काही वाटा असेल का, असा प्रश्न मांडला. १९७० मध्ये मार्क आणि एर्विन यांचे ‘व्हायोलन्स अँड द ब्रेन’ आले. त्याआधी, १९६३ मध्ये, येलचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ होसे देल्गादो यांनी स्पेनमध्ये कोर्दोबाजवळ अंगावर धावून येणारा बैल त्याच्या मेंदूतील इलेक्ट्रोडला रेडिओ-संदेश देऊन थांबवला होता.

क्रायटन हार्वर्डमध्ये शिकत होते ते याच शहरात, याच वर्षांत. डॉक्टर-लेखकाची पदवी वाचकाला आश्वस्त करते. त्यात क्रायटन आलेख देतात, मागे संदर्भसूची जोडतात. कादंबरीला शोधनिबंधाचा पेहराव चढतो. पण वैद्यकीय पदवी म्हणजे सर्व वैद्यकाचे ज्ञान नव्हे. ती एका शहरातली, एका काळातली, काही शिक्षकांच्या ग्रहांसह मिळालेली असते. कादंबरीतल्या प्रत्येक डॉक्टरच्या दृष्टीची मर्यादा क्रायटन यांनी अचूक रेखाटली. तीच तपासणी त्यांनी स्वतःच्या गृहीतकाची केली नाही.

या चुकीची किंमत कागदावर राहत नाही. आपल्याकडे आकडी, फेफरे, मिरगी ही नावे नुसती रोगाची नावे नाहीत. त्यांच्याबरोबर कांदा नाहीतर चप्पल हुंगवणे येते, मुलीच्या लग्नात लपवाछपवी येते. हिंदू विवाह कायद्यातील विवाहाच्या अटींतून ‘अपस्मार’ हा शब्द वगळला गेला तो १९९९ मध्ये, कायदा झाल्यावर चव्वेचाळीस वर्षांनी. अशा समाजात अपस्माराच्या रुग्णाला संभाव्य खुनी म्हणून रंगवणारी लोकप्रिय कथा निरुपद्रवी राहत नाही.

३

कादंबरीतला सर्वांत चांगला प्रसंग शस्त्रक्रियेनंतरचा आहे. बेन्सन जागा आहे, तंत्रज्ञ एकेक इलेक्ट्रोड चालू करून पाहतात, आणि त्याला काय वाटले ते तो सांगतो. या प्रसंगाला वैद्यकीय इतिहासात थोर पूर्वज आहे. माँट्रिऑलचे न्यूरोसर्जन वाइल्डर पेनफिल्ड जाग्या रुग्णाच्या मेंदूच्या पृष्ठभागाला विजेचा हलका स्पर्श करत, त्या जागेवर अंक छापलेला कागदाचा बारीक तुकडा ठेवत, आणि त्या अंकापुढे रुग्णाचे शब्द लिहून घेत. नकाशा मेंदूचा, पण त्यावरची भाषा रुग्णाची. या बाबतीत पेनफिल्ड यांचे टिपण मला साहित्याच्या जवळचे वाटते.

प्रत्यक्षात जी यंत्रे आली त्यांत हा संवाद आक्रसला. अमेरिकेत नोव्हेंबर २०१३ मध्ये मान्यता मिळालेले न्यूरोपेस कंपनीचे ‘आरएनएस’ हे बेन्सनच्या यंत्राचे जवळचे नातलग. कवटीत बसवलेले, मेंदूची लहर ओळखून लगेच विद्युत्-उत्तेजन देणारे. (बेन्सनसारखे सुख मात्र ते देत नाही; उत्तेजन रुग्णाला सहसा जाणवतही नाही.) त्यामागे रॉबर्ट फिशेल हे भौतिकशास्त्रज्ञ होते. उपग्रहांवर आणि पेसमेकरवर काम केलेले. त्यांच्या यंत्राचे रूपकच हृदयाकडून आले आहे: ताल बिघडला, धक्का द्या, ताल सुधारा. यंत्र दिवसाला शेकडो वेळा, कित्येकदा त्याहूनही अधिक, संशयास्पद लहर पकडते. त्यातल्या बहुतेक लहरींचा रुग्णाला पत्ताही नसतो. ‘मला आत्ता काहीतरी झाले’ असे सांगायचे असेल तर त्याने यंत्रावरून एक चुंबक फिरवायचा. तेवढीच त्याची सही. काय झाले, कसे वाटले, यासाठी त्या नोंदीत जागा नाही.

४

यंत्राची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. रुग्णाची वही खरोखरच अपुरी असते. जर्मनीतील बॉन येथे ९१ रुग्णांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. व्हिडिओ आणि ईईजीवर टिपलेल्या झटक्यांपैकी निम्म्याहून अधिक रुग्णांनी नोंदवलेच नव्हते. झोपेतले तर बहुतेक सुटले होते. रोज आठवण करून देऊनही फरक पडला नाही. हे आळसाने घडत नाही. जो झटका येतो तोच त्याची आठवण पुसून जातो. शिवाय दीर्घकाळच्या यांत्रिक नोंदींमुळेच, अनेक रुग्णांच्या मेंदूतील अपस्मारी हालचालींना आठवड्यांची भरती-ओहोटी असते हे स्पष्ट झाले. कोणत्याही वहीला एवढे बारकाईने दिसले नसते.

मेलबर्नच्या प्रयोगात दोन्ही निवेदक समोरासमोर आले. न्यूरॉलॉजिस्ट मार्क कुक यांच्या नेतृत्वाखाली २०१० पासून पंधरा रुग्णांना सिॲटलच्या न्यूरोव्हिस्टा कंपनीचे यंत्र बसवण्यात आले. निष्कर्ष २०१३ मध्ये ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’त आले. मेंदूच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रोड, छातीत प्रक्षेपक, आणि हातातल्या उपकरणावर तीन दिवे: तांबडा म्हणजे झटक्याची शक्यता जास्त, पांढरा मध्यम, निळा कमी. येथेही काही रुग्णांच्या सांगण्यात आणि यंत्राच्या मोजणीत मोठी तफावत निघाली. मात्र हे यंत्र झटका मोडत नव्हते; ते फक्त सूचना देत होते. मला हा फरक व्यावसायिक घडणीचा वाटतो. शल्यविशारद आणि अभियंता विचारतात, ‘थांबवता येईल का?’ दर महिन्याला त्याच रुग्णाला भेटणारा न्यूरॉलॉजिस्ट विचारतो, ‘आधी कळेल का?’ पुढे कुक यांच्याच पुढाकाराने मेलबर्नमध्ये जे ‘माइंडर’ आले, ते कवटीच्या आत शिरतच नाही; टाळूच्या त्वचेखाली बसते. याच शहरात कान-नाक-घसा शल्यविशारद ग्रॅमी क्लार्क यांनी १९७८ मध्ये बहिरेपणावरचे अनेक-मार्गी कॉक्लिअर इम्प्लान्ट बसवले होते, आणि माइंडर त्याच परंपरेतून आले आहे. यंत्र शरीरात किती खोल जाणार, हेसुद्धा ते कोणत्या शाखेच्या घरात जन्मले यावर ठरते.

या प्रयोगातल्या एका स्त्रीची हकिगत पुढे जगभर पोहोचली. दिव्यांच्या सूचनेवर वेळीच औषध घेऊन तिने झटक्यांपासून सुटका करून घेतली होती. स्वयंपाक, प्रवास, एकटीने बाहेर पडणे तिला परत मिळाले. यंत्र आणि आपण मिळून एक झालो, असे ती सांगे. मग कंपनीकडचे पैसे संपले. यंत्र काढून घ्यावे लागणार होते. ते विकत घेता यावे म्हणून तिने आणि नवऱ्याने घर गहाण टाकण्याचीही तयारी दाखवली. उपयोग झाला नाही. तत्त्वज्ञ फ्रेडरिक गिल्बर्ट यांनी तिच्याशी बोलून, कुक आणि मार्चेल्लो इएन्का यांच्यासह, या अनुभवातून मानवी हक्कांचा प्रश्न उभा राहतो का याची चर्चा २०२३ मध्ये प्रसिद्ध केली.

क्रायटन यांनी कल्पिलेला धोका यंत्र डोक्यात जाण्याचा होता. प्रत्यक्षात मोडून पडलेले माणूस यंत्र डोक्यातून निघाल्यामुळे मोडले. कादंबरीतल्या एकाही डॉक्टरला हे दिसले नसते, कारण त्यांच्या जगात यंत्रावर प्रेम करणारा रुग्ण नव्हता. होता तो यंत्राला भिणारा किंवा त्याच्या अधीन झालेला. आणि प्रयोगाच्या शोधनिबंधातही तिचा तोटा मोजण्यासाठी रकाना नव्हता. तो दिसायला एका तत्त्वज्ञाला, म्हणजे वैद्यकाबाहेरच्या माणसाला, तिच्यासमोर बसून ऐकावे लागले.

म्हणून ‘द टर्मिनल मॅन’ आज मला भाकीत म्हणून जुनी आणि निदान म्हणून ताजी वाटते. यंत्र दुष्ट होते असे ती म्हणत नाही. एकेका शाखेने नेमके पाहिले, आणि सगळे मिळून माणूस पाहायचा राहून गेला, एवढेच ती दाखवते. ही यंत्रे उद्या आपल्याही रुग्णालयांत नित्याची होतील, तेव्हा संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी शस्त्रक्रियेचे धोके विचारले जातीलच. त्यांच्या जोडीला आणखी दोन प्रश्न विचारायला हवेत. डॉक्टर, तुम्ही कोणत्या वाटेने या यंत्रापाशी आलात? आणि यंत्र एक सांगेल नि मी दुसरे सांगेन, त्या दिवशी तुम्ही माझेही लिहून घ्याल ना?