मांडव कोणी आखायचा? : ‘कायनेटिक सिटी’ या संकल्पनेची एक मर्यादा

वास्तुविशारद राहुल मेहरोत्रा यांनी मुंबईच्या संदर्भात मांडलेली ‘स्टॅटिक सिटी’ व ‘कायनेटिक सिटी’ ही जोडसंकल्पना नगर-अभ्यासात आता रुळली आहे. काँक्रीट, पोलाद व विटांचे, नकाशावर दिसणारे शहर स्थितिशील. तर प्लास्टिक, पत्रे, कॅनव्हास व टाकाऊ लाकूड यांतून सतत उभे राहणारे आणि मोडले जाणारे शहर गतिशील होय. या दुसऱ्या शहराची ओळख वास्तूंतून नव्हे, तर उत्सव-मिरवणुकांतून होते, असे त्यांचे प्रतिपादन असून गणेशोत्सव हे त्यांचे एक प्रमुख उदाहरण आहे. मूर्ती पाण्यात विरघळते, देखावा संपतो, मागे कोणतीही स्थायी खूण उरत नाही. हे रूपक प्रभावी आहे, यात शंका नाही.

मात्र रूपक विसर्जनाच्या दिवसाचे आहे, आणि मांडवाचा निर्णय त्याच्या कितीतरी आधी झालेला असतो. वर्गणीची पुस्तके, मंडप-कंत्राटदार, महापालिका व वाहतूक पोलिसांच्या परवानग्या या टप्प्यांवरच जागेचा आकार ठरतो. हे टप्पे मेहरोत्रांच्या विवेचनात जवळजवळ येतच नाहीत. गिरगावातील केशवजी नाईक चाळीत १८९३ मध्ये उत्सव सुरू झाला. चाळीच्या उत्सवात वर्गणी देणारे, मांडव घालणारे आणि ती जागा वापरणारे बहुतांशी एकच असतात. मांडव रस्त्यावर आला की ही एकरूपता मोडते. पदपथावरून चालणारे, तेथे रोज बसणारा फेरीवाला, ज्याच्या दुकानाचे तोंड झाकले जाते तो दुकानदार यांना विचारतो कोण? शेरी अर्नस्टाइन यांनी १९६९ मध्ये नागरी सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. वर्गणीदार तिच्या खालच्या पायऱ्यांवर तरी सापडतो. फेरीवाला शिडीवर मुळी नाहीच.

२०१५-१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रहदारीला अडथळा करणाऱ्या मांडवांना परवानगी न देण्याचे आदेश महापालिकांना दिले. आदेश आवश्यकच होते. परंतु त्यांतूनही प्रश्न उरला तो परवानगीचाच. शेजारी तक्रारदार म्हणून दिसला, आखणीतील भागीदार म्हणून नव्हे.

लालबागच्या मंडळाचा पूर्वेतिहास तर या संकल्पनेला थेट छेद देणारा आहे. पेरू चाळीतील बाजार १९३२ मध्ये बंद पडला. कोळी व विक्रेत्यांनी कायमच्या बाजारासाठी नवस केला. जागा मिळाल्यावर १९३४ मध्ये गणपती बसवला, अशी मंडळाची परंपरा सांगते. म्हणजे ज्यांना गतिशील शहराचे नायक मानले जाते, त्यांना हवी होती ती स्थिर जागा! अस्थायित्व हा त्यांचा सौंदर्यविचार नव्हता, नाइलाज होता. मेहरोत्रांचे रूपक हा नाइलाज नकळत सुंदर करून दाखवते, आणि त्याची खरी अडचण येथे आहे.

२०१३ च्या अलाहाबाद कुंभमेळ्यावरील, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मेहरोत्रा व फेलिपे व्हेरा यांनी जमिनीची आखणी, प्रशासन व पायाभूत सोयी यांचा तपशीलवार मागोवा घेतला आहे. जागा कोणी दिली, कोणी आखली, हे तेथे दिसते. गिरणगावातील एखाद्या रस्त्याचा असाच नकाशा मांडव पडण्यापूर्वी काढला, तर त्यावर मूर्तीच्या जागेइतकीच फेरीवाल्याच्या टोपलीचीही जागा दाखवावी लागेल.