मार्टिन आणि सिंज, १९४१ : वेगळं तर केलं, पण दिसलं कसं?

पीएचडीला प्रवेश मिळाला की पहिल्याच आठवड्यात गाइड सांगतात, "एचपीएलसी शिकून घे." मग तुम्ही सीनिअरच्या मागे उभे राहून कुठलं बटण कधी दाबायचं ते वहीत उतरवता. मीही तेच केलं. त्याऐवजी आधी एक जुना पेपर वाचायला हवा होता, असं आता वाटतं. 'बायोकेमिकल जर्नल', खंड ३५, पान १३५८. लेखक मार्टिन आणि सिंज. ज्या कामासाठी या दोघांना १९५२चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, ते हेच. पण नोबेल मिळालंय म्हणून नुसता नमस्कार करून पुढे जायचं नाही. पेपर चांगला आहे, त्यात एक आंधळी जागाही आहे, आणि ती आपण आजही वापरतोय.

पार्श्वभूमी थोडक्यात. दोघे लीड्सला लोकर उद्योगाच्या संशोधन संस्थेत होते. लोकर म्हणजे प्रथिन. तिच्यात कुठलं अमिनो आम्ल किती आहे, हा प्रश्न. आधी त्यांनी दोन द्रव एकमेकांच्या उलट दिशेने वाहतील असं यंत्र बनवलं. ते चाललं, पण फार किचकट होतं. मग लक्षात आलं की दोन्ही द्रव हलवायची गरजच नाही, एकाला जागेवर धरून ठेवलं तरी पुरे. सिलिका जेल भरपूर पाणी शोषूनही पावडरसारखंच राहतं. ते नळीत भरायचं आणि वरून क्लोरोफॉर्म सोडायचा. अमिनो आम्लांना आधी अ‍ॅसिटिल गट जोडून घेतलेला. ज्याला पाणी जास्त आवडतं ते मागे रेंगाळतं, ज्याला क्लोरोफॉर्म आवडतो ते पुढे निघून जातं.

पेपरचा सर्वांत भक्कम भाग म्हणजे त्यातला सिद्धान्त. कॉलमचे मनातल्या मनात पातळ थर पाडायचे, प्रत्येक थरात दोन द्रवांमध्ये समतोल होतो असं मानायचं आणि पदार्थ पुढे कसा सरकतो ते मोजायचं. कल्पना ऊर्ध्वपातनाच्या प्लेटवरून घेतलेली आहे. आपण आज 'थिऑरेटिकल प्लेट' म्हणतो ती क्रोमॅटोग्राफीत इथून आली. याच गणितातून ते सांगतात की कण बारीक घ्या आणि दाब वाढवा, म्हणजे प्लेटची उंची कमी होईल. म्हणजे एचपीएलसी! तेही १९४१ साली, पंप नसताना. वाहणारा भाग द्रवच हवा असं नाही, बाष्पही चालेल, हेही तिथे लिहिलंय. दहा वर्षं कुणी ते मनावर घेतलं नाही. शेवटी मार्टिननीच जेम्सबरोबर १९५२मध्ये गॅस क्रोमॅटोग्राफी करून दाखवली. (साहित्य-समीक्षा लिहिताना 'फ्यूचर स्कोप' वाचायचा कंटाळा करू नका, तो यासाठी.)

गृहीतकं मात्र तपासा. एका प्लेटमधून दुसरीत पदार्थ आपोआप पसरत नाही असं त्यांनी धरलं. प्रवाह अगदी मंद केला की हे टिकत नाही. व्हॅन डीम्टर आणि सहकाऱ्यांनी १९५६मध्ये तो पसरणारा भाग समीकरणात रीतसर आणला. ही उणीव भरून निघाली.

दुसरी तशी भरून निघाली नाही. ही आम्लं रंगहीन. त्स्वेतने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पानांतली रंगद्रव्यं वेगळी केली तेव्हा पट्टे डोळ्यांना दिसत होते, क्रोमॅटोग्राफी हे नावही त्यावरूनच. इथे काय दिसणार? त्यांनी जेलमधल्या पाण्यात मिथाइल ऑरेंज घातलं. आम्लाचा पट्टा जिथे, तिथे लाल. युक्ती सुंदर आहे! पण आता असं बघा : वेगळं करण्याच्या क्रियेवर पेपरात पानंच्या पानं गणित आहे, दिसण्याच्या क्रियेवर मात्र गणित नाही. हा 'डोळा' फक्त आम्लता बघतो. जे आम्ल नाही ते कॉलममधून गेलं तरी त्याला पत्ता लागणार नाही.

योगायोग म्हणजे त्याच वर्षी अमेरिकेत बेकमन यांच्या कंपनीचा डीयू स्पेक्ट्रोफोटोमीटर बाजारात आला. अतिनील प्रकाश किती शोषला गेला ते आकड्यात मिळू लागलं. पुढे हे दोन्ही शोध एका डब्यात बसले, तेच तुमच्या लॅबमधलं यंत्र. मिथाइल ऑरेंजच्या जागी २५४ नॅनोमीटरचा दिवा आला, आंधळेपणाची फक्त जात बदलली. साखर या तरंगलांबीला जवळजवळ काहीच शोषत नाही. बहुतेक अमिनो आम्लंही नाहीत.

माझंच सांगतो. माझ्या एका नमुन्याचा एकच देखणा पीक आला, सॉफ्टवेअरने ९९ टक्के एरिया दाखवला आणि मी वहीत 'शुद्धता ९९%' लिहून मोकळा झालो. त्या नमुन्यावर तीन महिने पुढचं काम केलं. मग एनएमआरमध्ये दुसराच पदार्थ भरपूर सापडला, ज्याला अतिनील प्रकाशाशी काही देणंघेणंच नव्हतं. यंत्राने खोटं सांगितलं नव्हतं. ९९ टक्के हे 'जेवढं दिसलं त्यातले' होते, 'जेवढं आहे त्यातले' नव्हते.

जे दिसतं तेही सरळ नसतं. शोषणांक २ म्हणजे शंभरातला एक भाग प्रकाश पलीकडे पोचतो. यंत्रात आणखी एक भाग भटका प्रकाश शिरत असेल, तर डिटेक्टरला एकाच्या जागी दोन भाग दिसतात आणि २च्या जागी १.७ असं वाचन येतं. म्हणजे तुमची कॅलिब्रेशनची रेषा वरच्या टोकाला वाकते, आणि आपण म्हणतो डायल्युशन चुकलं. शोषणांक १ला हाच घोळ ०.९६ इतकाच होतो, म्हणून नमुना पातळ करून बघा.

तर पेपर मिळवा, अकराच पानं आहेत. पहिल्या वाचनात सिद्धान्तातलं गणित सोडलंत तरी चालेल, मिथाइल ऑरेंजचा भाग सोडू नका. आणि तुमच्या विषयातला कुठलाही पेपर घेऊन त्यातल्या मेथड्समध्ये डिटेक्टरवर किती ओळी आहेत ते मोजा. मला परवा वाचलेल्या पेपरात अर्धी ओळ सापडली. पुढच्या वेळी व्हॅन डीम्टर.