वर्गाचा ब्लॉग : लेखणी कोणाच्या हाती?

वर्गाचा किंवा शाळेचा ब्लॉग ही गोष्ट महाराष्ट्रातील शिक्षकांना आता नवी नाही. जिल्हा परिषदेच्या अनेक शिक्षकांनी पदरमोड करून, रात्री जागून असे ब्लॉग उभे केले. २०१५ साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम आला, तेव्हा तंत्रज्ञान वापरणाऱ्या शिक्षकांचे कौतुकही झाले. ही धडपड आम्हाला मोलाची वाटते. पण विज्ञान शिकण्यासाठी हे साधन कितपत उपयोगी पडले, हे तपासून पाहायला हवे.

यांपैकी अनेक ब्लॉग उघडले की शासन निर्णय, सराव प्रश्नपत्रिका, वर्णनात्मक नोंदींचे नमुने आणि स्नेहसंमेलनाची छायाचित्रे दिसतात. शिक्षकांची त्याने मोठी सोय होते, यात शंका नाही. पण यात विद्यार्थी कोठे आहे? तो फक्त उतरवून घेणारा! पूर्वी फळ्यावरून उतरवत असे, आता पडद्यावरून. मुलांचे लेखन असलेच तर ‘पाण्याचे महत्त्व’ अशा विषयावरचा, कोठून तरी घेतलेला निबंध असतो.

आता नागपूरचेच एक उदाहरण घेऊ. मे २०२४ च्या अखेरीस शहरातील एका स्वयंचलित हवामान केंद्रावर ५६ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. बातमी देशभर पसरली. पुढे हवामान खात्याने सांगितले की संवेदक बिघडल्यामुळे ती नोंद चुकीची होती. एखाद्या विद्यार्थ्याने ‘नागपूरचे तापमान ५६ अंश’ असे ब्लॉगवर लिहिले असते, तर ते विज्ञानलेखन झाले असते का? आमच्या मते नाही. ती केवळ बातमीची नक्कल.

उलट, वर्गाने व्हरांड्यात तापमापक टांगला, दिवसातून तीन वेळा वाचन घेतले आणि तारखेनिशी ब्लॉगवर लिहिले, असे समजा. काटोलच्या एखाद्या शाळेतील मुले ते वाचून विचारतील, ‘तुमचा तापमापक सावलीत होता का? भिंतीला टेकलेला होता का? वाचन किती वाजता घेतले?’ उत्तर देण्यासाठी मुलांना पुन्हा व्हरांड्यात जावेच लागेल. कदाचित आपली चूकही सापडेल. शिकणे सुरू होते ते येथे.

ही कल्पना इंटरनेटने जन्माला घातलेली नाही. १९२० च्या दशकात फ्रान्समधील सेलेस्टँ फ्रेने या खेड्यातील शिक्षकाने वर्गात छोटे छपाईयंत्र आणले. मुले स्वतःचे अनुभव लिहीत, खिळे जुळवून छापत आणि दूरच्या शाळेला पाठवत. आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात, तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यात, १९७२ साली १६ शाळांत सुरू झालेला विज्ञान शिक्षण कार्यक्रम २००२ पर्यंत चालला. तेथील मुले प्रयोगाचे निष्कर्ष स्वतःच्या शब्दांत लिहीत आणि ‘सवालीराम’ या काल्पनिक मित्राला पत्राने प्रश्न विचारत. त्यांना उत्तरेही येत. दोन्ही ठिकाणी साधन वेगळे, पण गाभा एकच : मुलाच्या लेखनाला खरा वाचक होता. आपल्या प्रयोगवहीला वाचक एकच, तो म्हणजे लाल शाईचा पेन. म्हणूनच ती सर्वांची सारखी असते.

ब्लॉग चालवायचाच असेल तर काही पथ्ये पाळावीत. लेखन मुलांचे असावे. शिक्षकाने भाषा फार घासूनपुसून देऊ नये. प्रत्येक नोंदीला तारीख, वेळ आणि मोजण्याची पद्धत असावी. चुकलेली नोंद पुसू नये, तिच्याखाली दुरुस्ती लिहावी. विचार कसा बदलला ते त्यातून कळते. दुसऱ्या एका शाळेशी आधीच बोलून ठेवावे, म्हणजे वाचक नक्की मिळतो. मुलांची पूर्ण नावे व छायाचित्रे टाकू नयेत आणि पालकांची संमती घ्यावी.

आणि शाळेत इंटरनेट नसेल तर? तर भित्तिपत्रक आहे, पोस्टकार्ड आहे. ज्या शाळेत ब्लॉग आहे पण मुलांचा प्रश्न नाही, तिच्यापेक्षा भिंतीवरच्या कागदाखाली ‘हे तुला कसे कळले?’ असे कोणी पेन्सिलीने लिहिणारी शाळा आम्हाला अधिक आधुनिक वाटते. आपला अनुभव काय आहे? आम्हाला जरूर कळवा.