ओळखपत्र आहे, नेमणूकपत्र नाही : नांदेड-लातूरचा तालुका वार्ताहर आणि पत्रकारांचे कायदे

पत्रकारांच्या नोकरीविषयी मराठीत जे लिहिले गेले आहे, ते बहुतांशी मुंबई, पुणे, नागपूरच्या कचेऱ्या डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेले आहे. त्यात संपादकाचे स्वातंत्र्य असते, कंत्राटी पद्धत असते, वेतन मंडळ असते. देगलूर, मुखेड, किनवट, अहमदपूर, उदगीर, निलंगा या गावांतून रोज बातमी पाठवणारा वार्ताहर त्यात क्वचितच भेटतो. मी पेशाने पत्रकार नाही, कोणत्या विद्यापीठातही नाही. वृत्तपत्रांच्या जुन्या फायली चाळताना या माणसाकडे माझे लक्ष गेले आणि गेली काही वर्षे तालुक्याच्या गावी जाऊन मी त्याच्याशी बोलत आलो. त्या बोलण्यातून जे समजले ते कायद्याच्या मजकुराशेजारी ठेवून पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या वृत्तपत्र आयोगाने १९५४ मध्ये अहवाल दिला आणि १९५५ मध्ये श्रमिक पत्रकार कायदा झाला. सलग चार आठवड्यांत १४४ तासांपेक्षा जास्त काम नाही, सात दिवसांत सलग २४ तासांची विश्रांती, अकरा दिवसांच्या कामामागे एक दिवस हक्काची रजा, तीन वर्षांच्या सेवेनंतर उपदान, नोकरकपात करायची तर संपादकाला सहा आणि इतर पत्रकारांना तीन महिन्यांची नोटीस, अशा त्याच्या तरतुदी होत्या. नियमांनी तर दिवसपाळी सहा तासांची आणि रातपाळी साडेपाच तासांची ठरवून दिली होती. त्या काळाच्या मानाने हा कायदा उदार होता, यात शंका नाही.

प्रश्न आहे तो कायदा कोणाला लागू होतो, हा. ज्याचा प्रमुख व्यवसाय पत्रकारितेचा आहे आणि ज्याला त्या कामावर पूर्णवेळ किंवा अर्धवेळ नेमलेले आहे, तो श्रमिक पत्रकार. व्याख्येत ‘वार्ताहर’ हा शब्द स्पष्टपणे आलेला आहे. म्हणजे कायदा करणाऱ्यांना तालुक्याचा माणूस ठाऊकच नव्हता, असे म्हणता येत नाही. पण व्याख्येला दोन कुलपे आहेत. एक ‘प्रमुख व्यवसाय’ आणि दुसरे ‘नेमणूक’. तालुका वार्ताहराकडे या दोन्हींची किल्ली नसते.

त्याची व्यवस्था साधारण अशी असते. वृत्तपत्र त्याला ओळखपत्र देते, नेमणूकपत्र देत नाही. मानधन मिळालेच तर ते इतके नाममात्र असते, की महिन्याच्या पेट्रोलचा खर्चही त्यातून भागत नाही. खरे उत्पन्न जाहिरातीच्या कमिशनवर. पुष्कळदा अंकाची एजन्सीही त्याच्याकडेच असते. तिची अनामत त्याने भरायची, पहाटे गठ्ठे उतरवून घ्यायचे, महिनाअखेर वसुली करायची. १७ सप्टेंबरचा मुक्तिसंग्राम दिन, दिवाळी, २६ जानेवारी आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस यांच्या पुरवण्यांसाठी त्याला जाहिरातींचे उद्दिष्ट दिलेले असते. छापलेल्या जाहिरातीचे पैसे बुडाले, तर ते त्याच्याच खात्यावर पडतात. मग घर चालवायला तो शेती करतो, झेरॉक्सचे दुकान टाकतो, विम्याच्या पॉलिसी विकतो किंवा खासगी संस्थेत शिकवतो. कायदा मोजायला बसला, की म्हणतो, तुझा प्रमुख व्यवसाय दुकानदारीचा. वृत्तपत्र पगार देत नाही म्हणून दुसरे काम, आणि दुसरे काम आहे म्हणून तो पत्रकार नाही, असे हे चक्र आहे.

मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी केंद्र सरकारने ११ नोव्हेंबर २०११ रोजी अधिसूचित केल्या. मालकांनी त्यांना आव्हान दिले आणि ७ फेब्रुवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या उचलून धरल्या. तरीही अंमलबजावणी झाली नाही. जुनेच वेतन पुरे, अशा आशयाच्या कागदावर कर्मचाऱ्यांच्या सह्या घेतल्याच्या तक्रारी देशभरातून आल्या आणि अवमान याचिका दाखल झाल्या. १९ जून २०१७ च्या निकालात न्यायालयाने दोन गोष्टी स्वच्छ सांगितल्या : कंत्राटी कर्मचाऱ्यालाही शिफारशी लागू आहेत आणि अशा सह्यांच्या आधारे कोणालाही ठरलेल्या वेतनाहून कमी देता येणार नाही. मात्र जाणूनबुजून अवमान झाल्याचे न्यायालयाने मानले नाही आणि थकीत रकमेसाठी कलम १७ चा रस्ता दाखवला. त्या कलमानुसार पत्रकाराने राज्य सरकारकडे अर्ज करायचा, रकमेवर वाद असेल तर श्रम न्यायालयात जायचे आणि रक्कम ठरल्यावर जिल्हाधिकाऱ्याने ती जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करून द्यायची.

निकाल पत्रकारांच्या बाजूचा होता, हे मान्यच करायला हवे. पण तो ज्याच्यापाशी कागद आहे त्याच्या बाजूचा होता. कंत्राटी माणसाकडे निदान कंत्राट तरी असते. तालुका वार्ताहराने श्रम न्यायालयात दाखवायचे काय? स्वतःच्या नावाशिवाय छापलेल्या बातम्यांची कात्रणे आणि दर वर्षी नवे होणारे ओळखपत्र!

याचा परिणाम फक्त वार्ताहराच्या घरावर होतो असे नाही, तो बातमीवरही होतो. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत भोकर मतदारसंघातून उभे असलेले तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्याविषयी वेगवेगळ्या वृत्तपत्रांत सारखाच मजकूर आल्याचे पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’मधून दाखवून दिले आणि ‘पेड न्यूज’ हा शब्द नांदेडच्या नावाशी जोडला गेला. निवडणूक आयोगाने जुलै २०१४ मध्ये त्यांच्या खर्चाच्या हिशेबावर ठपका ठेवणारा आदेश दिला. दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये तो रद्द केला. त्या पाच वर्षांत चर्चा झाली ती उमेदवाराच्या खर्चाची आणि मालकांच्या नीतीची. प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने मात्र २०१० च्या अहवालात एका मूळ दुखण्यावर बोट ठेवले होते. वार्ताहराला मानधनाऐवजी जाहिरातीतला वाटा देण्याची पद्धतच त्याला विकत घेण्याजोगा करते, असा त्या निरीक्षणाचा अर्थ होतो. हा अहवाल कौन्सिलने सुरुवातीला पूर्ण रूपात प्रसिद्धही केला नव्हता.

लातूरचे उदाहरण आणखी रोजचे आहे. ‘लातूर पॅटर्न’मुळे शहरात शिकवणी वर्ग, वसतिगृहे, खाणावळी यांची मोठी बाजारपेठ उभी राहिली. निकालाच्या दिवसांत वर्गांच्या पानभर जाहिराती असतात. ज्याचे कमिशन या जाहिरातीतून येते, त्यानेच शुल्क, वसतिगृहातली गर्दी आणि मुलांवरचा ताण यांविषयी परखड लिहावे, अशी आपली अपेक्षा असते. साखर कारखाना, बाजार समिती आणि शिक्षणसंस्था यांच्याबाबत तालुक्यात हेच घडते. वार्ताहर भित्रा असतो म्हणून नव्हे. ज्याच्याविरुद्ध लिहायचे तोच त्याचा पगार देत असतो.

असे असूनही या लोकांनी काम केले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा, २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वेने लातूरला पाणी आले तेव्हा आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात एका दिवसात २४ रुग्ण दगावल्याची बातमी देशभर गेली तेव्हा, बाहेरून आलेल्या प्रतिनिधींना वाट दाखवायला स्थानिक माणसेच होती. अशा दिवसांत १४४ तासांचा हिशेब कोण ठेवणार? त्यांना पाळीच नव्हती, तर जादा काम कुठले?

यावर आपल्याकडे एक ठरलेले उत्तर आहे, की पत्रकारिता हे व्रत आहे. मराठवाड्यात या उत्तराला वजन आहे, कारण त्यामागे इतिहास आहे. आ. कृ. वाघमारे यांनी ‘मराठवाडा’ पुण्याहून काढला, निजाम सरकारने बंदी घातली की तो नाव बदलून निघे. अनंत भालेराव यांच्या पिढीने त्याच वारशावर पुढचे काम केले. पण ते व्रत राज्यसत्तेविरुद्ध होते आणि ते घेणारे स्वतःहून घेत होते. आज व्यापारी तत्त्वावर चालणारे वृत्तपत्र ते दुसऱ्याच्या गळ्यात घालते. बाळशास्त्री जांभेकरांचे नाव दर ६ जानेवारीला घेतले जाते. त्यांचा चरितार्थ शिक्षणक्षेत्रातल्या नोकरीवर चालत होता, ‘दर्पण’वर नव्हे, हेही तेव्हा सांगायला हवे.

सरकारचे उत्तर कल्याणाचे आहे. शंकरराव चव्हाण सुवर्णमहोत्सवी पत्रकार कल्याण निधी नांदेडच्याच नेत्याच्या नावाने आहे. त्यातून आजारपणात मदत मिळते. बाळशास्त्री जांभेकर सन्मान योजनेत ज्येष्ठ पत्रकारांना दरमहा अकरा हजार मिळत, ते पुढे वीस हजार झाले. योजना स्वागतार्ह आहेत. पण वय आणि पत्रकारितेतली वर्षे सिद्ध करायची, तर पुन्हा कागदच लागतो. हल्लाविरोधी कायद्याचेही तसेच. २०१७ मध्ये विधिमंडळाने मंजूर केलेल्या आणि २०१९ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या या कायद्यात पत्रकाराची व्याख्या करताना तीच दोन कुलपे लावली आहेत : प्रमुख व्यवसाय आणि नियमित किंवा कंत्राटी नेमणूक. वाळूच्या बातमीवरून मार खाण्याचा धोका सर्वांत जास्त ज्याला, त्याच्याच पत्रकारपणाविषयी ठाण्यात शंका घेता येते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या आणि १९५५ चा कायदा इतिहासजमा झाला. नव्या संहितेत १४४ तासांची मर्यादा कायम आहे, डिजिटल माध्यमातले पत्रकार व्याख्येत आले आहेत आणि प्रत्येक कर्मचाऱ्याला नेमणूकपत्र देणे बंधनकारक झाले आहे. शेवटची तरतूद महत्त्वाची आहे. पण वृत्तपत्रांसाठी वेतन मंडळ नेमण्याची जुनी व्यवस्था गेली आणि दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेलाच संहितेचा हा भाग लागू होतो. नांदेड-लातूरची किती छोटी दैनिके दहा माणसे हजेरीपटावर दाखवतात? जुन्या कायद्यात तासांच्या आणि रजेच्या तरतुदींना अशी संख्येची अट नव्हती.

छोट्या दैनिकाच्या मालकाची बाजूही ऐकून घ्यायला हवी. तो बहुधा स्वतःच संपादक, स्वतःच बातमीदार असतो. कागदाचा भाव वाढतो आणि सरकारी जाहिरातीचे बिल रखडते. त्याला आणि अनेक आवृत्त्या काढणाऱ्या साखळी वृत्तपत्राला एकाच मापाने मोजणे अन्यायाचे ठरेल. मजिठिया मंडळानेही उत्पन्नानुसार आठ वर्ग करून हा भेद मान्य केला होता. मात्र कागद देण्याला पैसे लागत नाहीत. काम काय, मानधन किती, जाहिरात वसुली कामाचा भाग आहे की नाही, बुडालेले पैसे कोणाचे, अपघात झाला तर जबाबदारी कोणाची, एवढे एका पानावर लिहून सही करणे सर्वांत छोट्या दैनिकालाही परवडते. सरकारी जाहिराती देताना माहिती खात्याने हे पान मागितले, तर ते लिहिलेही जाईल.

पत्रकार संघटनांनी येत्या ६ जानेवारीला शाल-श्रीफळाच्या कार्यक्रमाआधी आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक दैनिकाकडे या एका पानाची मागणी लेखी करावी. कोण देतो आणि कोण नाकारतो, याची यादी झाली तर पुढच्या अभ्यासकाला माझ्यासारखे केवळ बोलण्यावर विसंबून राहावे लागणार नाही. आणि हा अंक ज्या जाहिरातींवर निघतो, त्यांतल्या काही एखाद्या तालुका वार्ताहरानेच दारोदार फिरून आणलेल्या असू शकतात, हे वाचकांनी आणि आम्ही लिहिणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावे.