आईचा हिशेब

"आपल्या मंडळी काय करतात?"

"काही नाही, घरीच असतात."

डोंबिवलीच्या फलाटावर हे संभाषण ज्याच्या कानावर पडले नाही, असा गृहस्थ विरळा. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. पण हे 'काही नाही' आम्हा लेखकांनीही पोसले आहे, अशी माझी तक्रार आहे.

1933 हे साल घ्या. त्या वर्षी साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. त्याच वर्षी विभावरी शिरूरकरांचे 'कळ्यांचे निःश्वास' प्रसिद्ध झाले. एकीकडे घरात राबणारी आई, दुसरीकडे शिकून मिळवू लागलेल्या मुली. आईला आपण देव्हाऱ्यात बसवले. मुलींच्या पुस्तकावर गदारोळ केला. पैशाविषयी मात्र दोघींनाही विचारले नाही.

यात दोष गुरुजींचा नाही. भाजी अळणी झाली तरी श्यामचे वडील मुकाट्याने जेवतात, कारण करणारीच्या श्रमांची त्यांना जाण आहे. कर्ज वडिलांचे, पण सावकाराचा माणूस दारात येऊन बोलतो, तेव्हा ते शब्द आईच्या काळजाला झोंबतात. गुरुजींनी हे सारे लिहिले. त्यांच्यामागून आलेल्या आम्ही त्या आईचे अश्रू तेवढे उचलले आणि तिचे कर्ज सोडून दिले!

आज ठाण्या-कल्याणकडच्या घरांत सावकाराच्या जागी बँकेचा हप्ता आला आहे. मुंबईची नोकरी आणि गाडीचा प्रवास यांत माणसाचा सारा दिवस जातो. मूल लहान म्हणून बायको नोकरी सोडते. तो निर्धास्तपणे सकाळची लोकल गाठतो, कारण मुलाजवळ ती असते. म्हणजे त्या पगारात तिचाही घाम आहे. 2019 च्या सरकारी पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाकाठी सरासरी 299 मिनिटे वेळ जातो, पुरुषांचा 97, असे आढळले. अपघाताच्या भरपाईत गृहिणीच्या श्रमांचे मोल धरलेच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2021 मध्ये बजावले. बाई गेल्यावर जी किंमत लावायची, ती तिच्या हयातीत का लावू नये?

प्रत्येक आईने नोकरी करावी, असे मी म्हणत नाही. घरीच बसावे, असेही नाही. ठरवावे दोघांनी. मिळवणारा एक असला तरी मिळकत दोघांची असावी, आणि कर्जाची काळजीही दोघांची. जिला 'काही नाही' म्हटले जाते, तिला नवऱ्यापुढे हात पसरावा लागतो. आणि सारे एकट्यावर टाकले, तर तोही आतून पिचतो.

माझ्याही एका कादंबरीत आई पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पोळ्या लाटते. तिच्या हाती मी एकदाही घरखर्चाची वही दिली नाही. वाचकांनी डोळे पुसले, मी खूश झालो. आज ती प्रकरणे वाचताना ओशाळतो.

लक्ष्मीपूजनाला आपण हिशेबाच्या वहीवर कुंकू वाहतो. यंदा वही उघडाल, तेव्हा घरातल्या लक्ष्मीचे नाव जमेच्या बाजूस लिहायला विसरू नका.